अल्माटी : डोंगर हाच पत्ता

बँकॉक झालं, बाली झालं, दुबईला तर प्रत्येकाची एक मावशी राहतेच. मग पासपोर्टवर पुढचा शिक्का कुठला? दिल्लीहून साधारण साडेतीन तासांत पोचवणारं, व्हिसाची कटकट नसलेलं आणि चक्क सिटी बसने हिमशिखरांच्या दाराशी नेऊन सोडणारं एक शहर आहे. कझाकस्तानातलं अल्माटी. सॅक भरा, बूट झटका आणि चला.

वर की खाली?

अल्माटीत पत्ता विचारला की डावं-उजवं फारसं ऐकू येत नाही. ‘दोन चौक वर, मग एक चौक खाली’ असं सांगतात. वर म्हणजे दक्षिणेला, डोंगराकडे. खाली म्हणजे उत्तरेला, गवताळ मैदानाकडे. अख्खं शहर एका लांबलचक उतारावर पसरलंय आणि रस्ते वहीतल्या चौकटींसारखे सरळ आहेत. पहिल्या दिवशी मी नकाशा उघडून फिरले. दुसऱ्या दिवसापासून पोटऱ्याच सांगायला लागल्या, आपण कुठे चाललोय ते!

आणि मान वर केली की समोर ती भिंत असतेच. तिएन शान पर्वताची ही इले अलाताऊ रांग. तिचं सर्वांत उंच शिखर, तालगार, 4979 मीटर. रस्त्यांच्या कडेने सिमेंटचे छोटे पाट वाहतात, त्यांना इथे ‘अरिक’ म्हणतात. उन्हाळ्यात डोंगरावरचं पाणी त्यांतून खळखळत झाडांच्या मुळाशी जातं. कॉफी शॉपबाहेर लॅपटॉप घेऊन बसावं तर पायाशी पाट वाहतोय. सॉलिड ना?

1854 मध्ये रशियन लष्कराने इथे व्हेर्नी नावाचा किल्ला बांधला आणि त्याभोवती शहर वाढलं. 1887 च्या भूकंपात विटांची जवळजवळ सगळी घरं कोसळली. त्यामुळे 1904 ते 1907 या काळात चर्च बांधायचं ठरलं तेव्हा इंजिनीअर आंद्रेई झेन्कोव्ह यांनी लाकूड निवडलं. 1911 मध्ये पुन्हा मोठा भूकंप झाला. लाकडी चर्च हललं, पण उभं राहिलं. पानफिलोव्ह पार्कमध्ये ते पिवळंधमक, केकवरच्या आयसिंगसारखं सजलेलं चर्च आजही दिमाखात उभं आहे. बघताना मात्र लक्षात ठेवायचं की ही नुसती हौस नव्हे, डोंगराच्या पायथ्याशी राहण्याचं गणित आहे.

बाजारात जगाचा इतिहास

पार्कपासून चालत पाच-दहा मिनिटांवर ‘झेल्योनी बाजार’, म्हणजे हिरवा बाजार. ‘बाजार’ हा शब्द ओळखीचा, ‘नान’ही ओळखीचा आणि ‘साम्सा’ म्हणजे आपल्या समोशाचा चुलतभाऊ. फक्त तळत नाहीत, तंदूरमध्ये भाजतात. आत घोड्याच्या मांसाचा स्वतंत्र विभाग आहे, तेव्हा मनाची तयारी ठेवा! जवळच किसलेल्या गाजराच्या झणझणीत कोरियन सॅलडचे ढीग. कझाक बाजारात कोरियन गाजर कसं? 1937 मध्ये स्टॅलिनने सोव्हिएत संघाच्या अतिपूर्वेकडच्या कोरियन लोकांना रेल्वेत कोंबून इकडे पाठवलं. किमचीचा कोबी मिळेना, म्हणून गाजर आलं. एका वाटीत एवढा इतिहास!

‘कुर्त’ नावाचे वाळवलेल्या दह्याचे खारट गोळे विकणाऱ्या आजींनी मला ‘इंदिया?’ विचारलं आणि उत्तराची वाट न बघता मिथुनचं नाव घेऊन दोन ठुमके मारले. ‘डिस्को डान्सर’ इथल्या त्या पिढीच्या मनात अजून ताजा आहे. एक कुर्त फुकट हातावर पडला. ट्रेकमध्ये चघळायला भन्नाट आहे, फक्त बरोबर पाणी ठेवा.

सफरचंदाचं माहेर

कझाक भाषेत ‘अल्मा’ म्हणजे सफरचंद. शहराच्या सोव्हिएत काळातल्या ‘अल्मा-आता’ या नावाचा अर्थ लोक ‘सफरचंदांचा बाप’ असा लावतात. ही नुसती फुशारकी नाही. 1929 मध्ये रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव्ह इथे आले आणि डोंगरउतारांवरची रानटी सफरचंदं बघून त्यांनी ताडलं की सफरचंदाचं मूळ इथेच असावं. पुढे जनुकांच्या अभ्यासानेही तेच दाखवलं. आपण फ्रूट स्टॉलवर स्टिकर लावलेलं जे सफरचंद घेतो, त्याच्या खापरपणजीचं घर हे.

पण या घराची जागा आता आक्रसतेय. पायथ्याच्या बागा गेल्या, तिथे उंच कुंपणांचे बंगले आले. रानटी सफरचंदाची ही जात आज धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत आहे. शहर ‘वर’ सरकतंय आणि ज्यावरून त्याचं नाव पडलं तेच मागे हटतंय.

कळसूबाईपेक्षा उंच बसस्टॉप

आता डोंगर. दोस्तिक रस्त्यावरून 12 नंबरची बस पकडा. ती मेदेऊला सोडते. मेदेऊ म्हणजे स्केटिंगची अवाढव्य, उघड्या आभाळाखालची रिंक, उंची 1691 मीटर. आपलं कळसूबाई 1646 मीटर! म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वोच्च टोकापेक्षाही वर आपण तिकीट काढून, सीटवर बसून पोचतो. सह्याद्रीतल्या ट्रेकरचा इगो जरा दुखावतो, पण चालायचंच.

रिंकच्या मागे हिरव्या उताराचा प्रचंड बांध दिसतो. 842 पायऱ्या आहेत, मोजत चढा. बहुतेक जण वर सेल्फी काढून केबल कारने शिम्बुलाकच्या स्की रिसॉर्टकडे सटकतात. पण जरा थांबा, कारण शहराची खरी गोष्ट इथे आहे.

1921 मध्ये डोंगरातून दगडमातीचा लोंढा शहरात घुसला आणि शेकडो माणसं गेली. पुन्हा तसं होऊ नये म्हणून 1966 मध्ये दरीच्या बाजूचा डोंगर सुरुंगांनी उडवून हा बांध घातला. 15 जुलै 1973 ला वर हिमनदीच्या तोंडाशी साठलेलं तळं फुटलं. लोंढ्याने वरचा पर्यटक तळ गिळला, तिथली माणसं गेली. बांधाने मात्र लोंढा अडवला. पण मागे पाणी चढत राहिलं, खालचे मार्ग गाळाने तुंबले आणि बांधच फुटतो की काय अशी वेळ आली. पंप लावून रात्रंदिवस पाणी उपसलं, तेव्हा खालचं शहर वाचलं. नंतर बांध आणखी उंच केला.

बांधावर उभं राहून एकदा वर आणि एकदा खाली बघा. वर तुयुकसू हिमनदीची दरी. 1957 पासून शास्त्रज्ञ तिचं मोजमाप ठेवतायत आणि ती आटतेय. हिमनदी मागे सरली की तिच्या तोंडाशी नवी तळी साचतात, ती फुटू नयेत म्हणून उन्हाळ्यात पंप लावून उपसावी लागतात. खाली वीस लाखांहून जास्त माणसांचं शहर. जो डोंगर पाट भरतो, तोच हे लोंढे पाठवतो. अल्माटीकरांना हे पाठ आहे, म्हणून त्यांच्या डोंगरावरच्या प्रेमात धाकही असतो.

जिथे रिसॉर्ट झालं नाही

शेवटचा दिवस कोक-झैलाऊसाठी ठेवा. नावाचा अर्थ ‘हिरवं उन्हाळी कुरण’. मेदेऊच्या बसनेच जायचं, आधीच्या एका थांब्यावर उतरायचं आणि चढायला लागायचं. जंगलातून दोन-तीन तासांचा दमदार चढ आहे. वाटेत लाल गालांची शाळकरी मुलं, कुत्री आणि हातात काठी घेऊन टकाटक चढणारे सत्तरीचे आजोबा आपल्याला मागे टाकतात. मग एकदम झाडी संपते आणि समोर फुलांनी भरलेलं पठार.

इथे मोठं स्की रिसॉर्ट होणार होतं. शहरातल्या लोकांनी वर्षानुवर्षं विरोध केला आणि 2019 मध्ये प्रकल्प थांबला. वेताळ टेकडीसाठी रस्त्यावर उतरलेल्या पुणेकरांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. मी तिथे गवतावर बसून कुर्त चघळत होते. शेजारच्या ग्रुपने न विचारता चहाचा कप पुढे केला. त्यांच्यातली एक मुलगी मोडक्या इंग्रजीत म्हणाली, ‘आम्ही दर रविवारी येतो. नाही आलो, तर कोणीतरी म्हणेल, ही जागा रिकामीच आहे.’

जागा वाचवायची तर तिथे चालत जायचं, हा हिशेब मला पटला.

सॅक भरण्यापूर्वी

व्हिसा : जुलै 2022 पासून भारतीय पासपोर्टवर 14 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. निघण्यापूर्वी नियम एकदा तपासून घ्या.

घड्याळ : आपल्यापेक्षा अर्धा तास मागे.

कधी : ट्रेकिंगसाठी जून ते सप्टेंबर. दुपारी गडगडाटी पाऊस येतो, म्हणून सकाळी लवकर निघा. हिवाळ्यात बर्फ मस्त, पण कोळशाच्या आणि गाड्यांच्या धुराने शहर झाकोळतं.

खाणं : शाकाहारी मंडळींनो, भोपळ्याचं साम्सा, नान, सॅलड आणि सुका मेवा हेच तुमचे मित्र. बाकीच्यांनी पुलाव आणि हाताने ओढलेल्या शेवयांचं लगमान सोडू नये.

बोलणं : इंग्रजी कमी चालतं. ‘रख्मेत’ म्हणजे धन्यवाद. एवढा एक शब्द पुष्कळ दारं उघडतो.

थोडं जपून : 2511 मीटरवरचा बिग अल्माटी लेक शहराच्या पिण्याच्या पाण्याचा साठा आहे. पाण्यात उतरायला बंदी आहे आणि पलीकडे किरगिझस्तानची सीमा जवळ आहे. पासपोर्ट बरोबर ठेवा आणि रस्ता खुला आहे का, ते हॉस्टेलमध्ये विचारूनच निघा.