पारो : डोंगरांच्या संमतीने चालणारा विमानतळ

भूतानचा आंतरराष्ट्रीय विमानतळ पारो खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे २,२३५ मीटर उंचीवर आहे. भोवतालची शिखरे साडेपाच हजार मीटरपर्यंत चढत गेलेली आणि पारो छू नदीच्या काठाने आखलेली धावपट्टी एकच, जेमतेम सव्वादोन किलोमीटरची. मुंबईची मुख्य धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे.

येथे उतरताना वैमानिकाची भिस्त मुख्यतः स्वतःच्या डोळ्यांवर असते. दरीतून वळणे घेत यावे लागते. धावपट्टी दृष्टीस पडते ती अगदी शेवटी. त्यामुळे प्रवासी विमाने दिवसाउजेडी आणि आकाश स्वच्छ असतानाच उतरतात. दुपारी खोऱ्यात वारा उठतो, म्हणून सकाळची वेळ मोलाची. विशेष प्रशिक्षण घेतलेल्या मोजक्याच वैमानिकांना येथे विमान आणता येते. हवामान बिघडले, तर कितीही निकडीचे काम असलेल्या प्रवाशाने कोलकात्यात किंवा बागडोग्र्यात थांबून राहायचे. मोठ्या विमानतळांवरची घाई येथे कोणाच्या उपयोगी पडत नाही.

विमानातून उतरून प्रवासी पायीच इमारतीकडे जातात. उतरती छपरे, रंगीत नक्षीचे लाकूडकाम. प्रथमदर्शनी हा विमानतळ आहे असे वाटतच नाही. भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालते. भूतानचे चलन न्गुलत्रुम रुपयाच्या बरोबरीचे असल्याने हिशेबही सोपा. मात्र प्रत्येक रात्रीमागे भारतीयाला १,२०० रुपये, तर बहुतेक इतर परदेशीयांना १०० डॉलर शुल्क भरावे लागते. व्यापारी मनाला हा दर प्रथम खटकतो. दुकान लहान म्हणून भाव चढा, असा तर्कही सुचतो. पण तो अपुरा आहे. १९७४ साली पर्यटकांना दार उघडतानाच या देशाने गर्दी नको असे धोरण धरले. ड्रुक एअरची विमानसेवा सुरू झाली ती १९८३ मध्ये.

या संयमाची किंमतही आहे. रोजगाराच्या शोधात अनेक तरुण ऑस्ट्रेलियाची वाट धरत आहेत. म्हणूनच दक्षिणेस, आसामच्या सीमेलगत, गेलेफू येथे नवे शहर आणि मोठा आंतरराष्ट्रीय विमानतळ उभारण्याचे ठरले आहे. तेथील भूमी बरीच सपाट आहे. पारोत आजवर डोंगरांनी पाहुण्यांची संख्या आपोआप आवरली. गेलेफूत ती भूतानलाच कागदावर ठरवावी लागेल.