धुराला वाट

माझा पुतण्या जालन्याला पोलादाच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. जालना म्हटले की कुणाला मोसंबी आठवते, कुणाला बियाणे. पण भंगार वितळवून सळया काढणाऱ्या भट्ट्यांचेही ते गाव आहे. तिथल्या इंजिनिअरच्या अंगणात एखादे रिकामे पिंप येऊन पडले नाही, तरच नवल!

त्याने आणले ते दोनशे लिटरचे. आत रात्रभर लाकडे पेटवून जुना रंग नि तेलकटपणा जाळून टाकला. तळाजवळ तीन भोके पाडून त्यांना सरकती झाकणे बसवली, वर मोठे झाकण आणि त्यालाही एक भोक. खाली बाभळीचे निखारे, वर जाळी, आणि जाळीवर ज्याला जे रुचेल ते. पोरांना कोंबडी, आम्हा म्हाताऱ्यांना वांगी नि रताळी. धुरात सावकाश शिजवायचे. अमेरिकेत लोक यापायी सुटीचा अख्खा दिवस खर्ची घालतात.

तुम्ही म्हणाल, यात नवे ते काय? हुरड्याची आगटी आपल्याकडे आहेच की! आहे खरी, पण आगटी उघड्यावरची, तिला हवा चहूकडून मिळते. पिंपातल्या विस्तवाला आपण देऊ तेवढीच.

पहिल्या दिवशी पुतण्याने धूर आत कोंडावा म्हणून वरचे भोक बंद केले. दहा मिनिटांत पिंप खालच्या भोकांतून पांढरा, दाट धूर ओकू लागले. वांगी कडूजार. भट्टीवर नोकरी करणारे आमचे इंजिनिअरसाहेब डोळे चोळत उभे! ओसरीवर बसलेली माझी आई तेव्हा म्हणाली, "अरे, नाक दाबून जेवू घालतोस होय त्याला? वरचं उघड. कमीजास्त काय करायचं ते खालून कर."

आईचे वय पंच्याऐंशी, आणि ही विद्या तिला तांब्याच्या बंबाने शिकवलेली. बंबाच्या पोटातून उभी नळी, नळीच्या तळाशी जाळी, जाळीखाली राखेची जागा. नळीवर टोपण घट्ट बसले की न्हाणीघरभर धूर. राख साचून जाळी बुजली की पाणी दुपारपर्यंत कोमट. हे बायका पिढ्यान्पिढ्या जाणत होत्या. पुस्तकांनी ते फक्त आपल्या शब्दांत मांडले. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, आणि तिच्या जागी खालून थंड हवा ओढली जाते. वरची वाट अडवली की ही ओढच थांबते. मग लाकूड धड जळत नाही, विझतही नाही. नुसते धुमसते, आणि त्याचा कडवट चिकटा अन्नावर बसतो. वाट मोकळी असली की धूर विरळ नि निळसर येतो. चव देणारा धूर तो. खाली एकच भोक उघडे ठेवले की विस्तव मंद, तिन्ही उघडली की भडका. झाकण उचलून सारखे आत डोकावले, तरी हवेचा लोंढा शिरून तोच प्रकार होतो. (आमच्या घरी हे पथ्य कुणीच पाळत नाही, वहिनी तर मुळीच नाही.)

पुढे पौषात मी पुन्हा गेलो, तेव्हा पिंप अगदी शहाण्यासारखे चालत होते. रात्री अंगणात बोचरा वारा सुटला. कुणीतरी सुचवले, की पिंप आत काचेच्या व्हरांड्यात घ्यावे नि दारे लावावीत, ऊबही मिळेल. "आता धूर तरी कुठं दिसतोय, आजी?" पुतण्या म्हणाला.

आई उठून दारात उभी राहिली. "घरात विस्तव यायचा नाही."

मग तिने जे सांगितले, ते आम्ही भावंडांनीही कधी ऐकले नव्हते. तिची थोरली बहीण भोकरदनकडच्या एका खेड्यात बाळंत झाली, ती अशाच थंडीत. बाजेखाली कोळशाची शेगडी, खिडकीला गोधडी, दाराच्या फटींत फडकी. पहाटे दार उघडले, तेव्हा बाळ-बाळंतीण दोन्ही गेलेली. निखारे फुललेले होते. धूर मुळीच नव्हता. गावाने बाहेरची बाधा म्हणून सांगितले, आणि तेच घरात कायम झाले.

ती बाधा म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. निखारा लालभडक नि निर्धूर असतो, तेव्हाही हा वायू निघतच असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो. डोके जड होते, झोप येते. मग उठून दार उघडण्याचे त्राणही राहत नाही. बंब गेले आणि न्हाणीघरात गॅसचे गीझर आले. झरोका नसला, तर तेही हेच करतात. आमच्या शहरातल्या घरी गीझरसमोरची खिडकी वाफ कोंडावी म्हणून लावून घेण्याची चाल होती. ती मी परत आल्याच दिवशी खिळे मारून कायमची उघडी केली. घरच्यांनी कुरकुर केली. करोत.

त्या रात्री पुतण्या काही बोलला नाही. पिंप त्याने कडुनिंबाकडे आणखी दूर सरकवले, आणि आजीची खुर्ची वारा येतो त्या बाजूला मांडून तिला घोंगडी पांघरली. वांगी व्हायला तासाच्या वर लागला. आईने अर्धे वांगे खाल्ले आणि मीठ कमी पडल्याचे सांगितले.