दक्षिणेकडून आक्कास

अरक्कोणम, मंगळवार

आक्का,

काल पुण्याहून सुटलेली गाडी रात्रीतून कृष्णा-तुंगभद्रेचा मुलूख मागे टाकून आज येथे दाखल झाली. वेल्लोरकडील गाडीस अद्याप अवकाश असल्यामुळे फलाटावरील बाकावर बसूनच हा मजकूर लिहीत आहे.

तुझ्या मागल्या पत्रात खुशालीचे दोन शब्दही नव्हते, ‘हे कशासाठी?’ एवढा प्रश्न, आणि खाली सही. लेक गेल्यापासून तू उपासनेस जात नाहीस, हे मला इतरांकडून कळले होते, आणि त्याबद्दल मी तुला एक अक्षरही लिहिणार नाही. दफनविधी आटोपून परतताना वाटेतच ज्यांनी ‘देवाची इच्छा’ म्हणून तुझे समाधान करण्याचा यत्न केला, त्यांच्या सद्हेतूविषयी मला संशय नाही. परंतु ईयोबाचे मित्र सात दिवस नि सात रात्री मुकाट्याने त्याच्याजवळ जमिनीवर बसून होते तोवरच ते त्याच्या उपयोगी पडले, आणि त्यांनी दुःखाची मीमांसा आरंभल्याबरोबर त्याचे दुःख दुणावले, हे आपल्या मंडळीत लहानपणापासून ऐकलेले असूनही ते आचरणात क्वचितच उतरते.

केडगाव स्टेशन गाडीने न थांबता ओलांडले, तेव्हा मी खिडकीशी सरकून बसलो. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन याच गावी. अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या या मुलीने १८७४ च्या सुमारास, तीर्थयात्रेच्या वाटेवर, दुष्काळाच्या दिवसांत वडील, आई आणि थोरली बहीण अशी तिघे एकामागून एक गेलेली पाहिली. पुढे भाऊ गेला, आणि लग्नाला दोन वर्षे पुरी होण्याच्या आत पती पटकीने गेले, तेव्हा कडेवर एकटी मनोरमा उरली. १८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतावर कोसळला, तेव्हा सरकारदरबारी तपशील गोळा होत असतील, तजविजी चालल्या असतील. पण उपाशी माणूस रस्त्याच्या कडेला कसा बसतो आणि मग कसा उठत नाही, हे बाईंना दप्तरातून कळावयाचे नव्हते. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो निराधार मुलींना घेऊन आल्या. स्वतःच्या भुकेची आठवण त्यांना घरी स्वस्थ बसू देईना, असे त्यांच्याच लेखणीतून उतरले आहे. १९२१ साली मनोरमाबाई आईच्या आधी गेल्या. तरीही रमाबाई बायबलाच्या भाषांतराचे काम करीतच राहिल्या, आणि एप्रिल १९२२ मध्ये त्यांनी देह ठेवला. ही शेवटची हकीकत मी तुला मुद्दाम लिहीत आहे. लेकरू गमावलेली तू एकटी नाहीस, असे म्हणून तुझे दुःख हलके करण्याचा माझा हेतू नाही. मला एवढेच वाटते की या बाईंनी तुझ्याजवळ बसून एखादा शब्द उच्चारला असता, तर तो तू ऐकून घेतला असतास.

गाडीची घंटा झाली. पुढील पत्र वेल्लोरहून.

वेल्लोर, शुक्रवार

आक्का,

हे शहर उन्हाने भाजून निघालेल्या खडकाळ टेकड्यांच्या कुशीत वसले आहे, आणि पालार नदीच्या रुंद पात्रात सध्या वाळूखेरीज काही दिसत नाही. किल्ला मात्र पाण्याच्या खंदकाने वेढलेला, घडीव दगडाचा, आजही अभंग आहे. शिवरायांच्या फौजेने त्याला वेढा घातला तेव्हा समोरच्या डोंगरांवर बांधलेल्या गढ्यांची नावे साजरा आणि गोजरा अशी होती, हे वाचून ठाऊक होते. प्रत्यक्ष ते डोंगर पाहताना या परमुलखात आपल्या माणसांची नावे ऐकू आल्याप्रमाणे जीव सुखावला. परंतु मी आलो ते किल्ला पाहावयास नव्हे.

येथील इस्पितळाचा उगम एका रात्रीत आहे. आयडा स्कडर ही मिशनरी डॉक्टरांच्या घराण्यातील तरुण मुलगी, आजारी आईच्या शुश्रूषेसाठी टिंडिवनम येथे आली होती. अमेरिकेस परतून सुखाने राहावे, मिशनच्या कामाच्या वाटेस जाऊ नये, असा तिचा निश्चय होता. एका रात्री एक ब्राह्मण, एक मुसलमान आणि आणखी एक हिंदू गृहस्थ, असे तिघे वेगवेगळ्या वेळी दाराशी आले. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडल्या होत्या. आयडाचे वडील डॉक्टर होते. पण परपुरुषाने घरातील स्त्रीस हात लावणे तिघांनाही मान्य नव्हते, आणि आयडाला वैद्यक येत नव्हते. सकाळी तिन्ही बायका गेल्याचे कळले. ती अमेरिकेस गेली ती वैद्यक शिकावयास, आणि १९०० साली परत येऊन तिने वेल्लोरास एका खाटेवर काम सुरू केले. १९०२ मध्ये इस्पितळ उभे राहिले, आणि १९१८ मध्ये स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा. आज या आवारात बंगालपासून आसामपर्यंतची माणसे गाठोडी नि कागदपत्रांच्या पिशव्या उराशी धरून ओळीत उभी दिसतात.

परंतु मला तुला सांगावयाचे आहे ते डॉ. मेरी व्हर्गीस यांच्याविषयी. केरळातील ही मुलगी येथे शिकून डॉक्टर झाली, स्त्रीरोगचिकित्सेत पुढे जावे अशी तिची मनीषा होती. १९५४ साली तरुण डॉक्टरांना सहलीस घेऊन निघालेली मोटार उलटली. तिच्या चेहऱ्यावर कायमचा व्रण राहिला आणि पाठीच्या कण्यास अशी इजा झाली की कमरेखालच्या शरीराचा तिच्याशी संबंधच तुटला. जिने दुसऱ्यांना उठवून बसवावयाचे, तिला कूस वळविण्यासही दुसऱ्याचे हात लागू लागले. हे दिवस कसे गेले असतील याची कल्पना करण्याचे धाडस मला होत नाही. तिला ताठ बसता यावे म्हणून कण्यावर शस्त्रक्रिया झाली. आणि मग येथील शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी तिच्यापुढे एक गोष्ट मांडली. महारोगाने वाकड्या झालेल्या हातांवरील शस्त्रक्रिया बसून करता येते.

ती शिकली. चाकांच्या खुर्चीत बसून तिने महारोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. आक्का, या एका गोष्टीवर मी काल रात्री बराच वेळ विचार करीत होतो. महारोगाने बधिर झालेल्या त्या हातांना संवेदना नव्हती. त्यांवर काम करणाऱ्या बाईच्या पायांनाही नव्हती. तिच्या टेबलावर आलेल्या त्या माणसाला, ‘तुम्हाला काय कळणार?’ असे तिला म्हणण्याची सोय उरली नव्हती. पुढे ऑस्ट्रेलियात आणि न्यूयॉर्क येथे शिक्षण घेऊन ती १९६३ मध्ये परतली, पुनर्वसनाच्या विभागाची प्रमुख झाली, आणि १९६६ मध्ये पुनर्वसन संस्था उघडली. १९७२ मध्ये सरकारने पद्मश्री दिली. १९८६ साली ती वारली. तिचे पाय अखेरपर्यंत बरे झाले नाहीत.

देवाने ही संस्था उभी राहावी म्हणूनच ती मोटार उलटवली, असे कोणी म्हटले तर मी ते मान्य करणार नाही. अशा हिशेबी देवावर माझा विश्वास नाही, आणि वधस्तंभावर ज्याने स्वतः ‘का’ म्हणून आक्रोश केला त्याच्या नावे असा हिशेब मांडणे मला पाप वाटते. अपघात हा अपघातच होता. त्यात हेतू दडलेला नव्हता. तो हेतू तेथे कोणीतरी आणून ठेवला: काही अंशी ब्रँडसाहेबांनी, काही अंशी मेरीबाईंनी, आणि या दोघांना ज्याने सोडले नाही त्याने.

काल त्या संस्थेत गेलो होतो. एका खाटेवर विशीतला मुलगा होता, ताडाच्या झाडावरून पडलेला. शेजारी चाकांच्या खुर्चीत एक प्रौढ गृहस्थ, तेही पूर्वी येथेच उपचार घेतलेले. ते त्या मुलास खाटेवरून खुर्चीत कसे यावे हे शिकवीत होते: फळी कोठे टेकवावी, तळहात कोठे रोवावा, अंग कसे ढकलावे. मुलाने दोनदा प्रयत्न केला आणि भिंतीकडे तोंड फिरवले. गृहस्थ काही बोलले नाहीत. ते तेथेच बसून राहिले, आणि थोड्या थोड्या वेळाने खुर्चीच्या हातांवर दोन्ही तळवे टेकून आपले शरीर वर उचलून धरू लागले. एका परिचारिकेने मला सांगितले की खाली काही जाणवत नसल्यामुळे एकाच जागी दाब राहिला तर कातडी मरते नि जखमा होतात, म्हणून असे उचलावे लागते, दिवसभर, जन्मभर. काही वेळाने मुलाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिले, आणि मग तो त्यांच्याकडे पाहतच राहिला.

करिगिरी, सोमवार

आक्का,

वेल्लोरपासून थोड्या अंतरावर, डोंगराच्या पायथ्याशी, महारोगाच्या संशोधनाचे हे इस्पितळ १९५५ मध्ये स्थापन झाले. जागा तेव्हा ओसाड, रेताड होती. येथील शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट फ्रित्ची यांनी वर्षानुवर्षे झाडे लावून, पाणी अडवून ती हिरवी केली. मी ज्या सावलीत बसून लिहीत आहे ती त्यांच्या श्रमाची आहे.

महारोगाने बोटे झडतात, असे आपण लहानपणी ऐकत होतो, आणि नगरात भिक्षेस येणाऱ्या त्या माणसांच्या ताटलीत आजी दुरूनच भाकर टाकी. ब्रँड यांनी दाखवून दिले की रोगाने मज्जातंतू बधिर होतात, आणि मग वेदना नसल्यामुळे माणूस स्वतःच्या नकळत स्वतःचे हातपाय गमावतो. एकदा कोठाराचे गंजलेले कुलूप त्यांना उघडेना. दहा-बारा वर्षांच्या एका रोगी मुलाने पुढे होऊन ते सहज उघडले. ब्रँड यांनी त्याचा हात हाती घेतला, तेव्हा किल्लीने त्याचे बोट हाडापर्यंत कापलेले होते आणि मुलाला त्याची वार्ता नव्हती. दुसरे काही रोगी सकाळी उठत तेव्हा बोटाचा तुकडा नाहीसा झालेला असे. रात्री उंदीर कुरतडून जात. त्यावर उपाय म्हणून त्यांना मांजर बाळगावयास सांगण्यात आले. हे मी येथे ऐकले तेव्हा माझ्याच्याने पुढे ऐकवेना.

म्हणून ब्रँड वेदनेला देणगी म्हणत. वेदना म्हणजे देवाचा प्रसाद, असे घरी आरामात बसलेल्याने म्हटले असते तर मी ते फेटाळून लावले असते. परंतु वेदना नसणाऱ्यांच्या सहवासात ज्याने उमेदीची वर्षे घालवली, त्याला असे म्हणण्याचा अधिकार पोहोचतो. आणि त्यांच्याविषयी आणखी एक गोष्ट येथील लोक सांगतात. एका रोग्याला उपचार समजावून देताना त्यांनी सहज त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा तो माणूस ढसाढसा रडू लागला. आपले काही चुकले काय, असे ब्रँड यांनी विचारले. दुभाष्या बाईने सांगितले: कित्येक वर्षांत याला कोणी स्पर्शच केला नव्हता.

करिंथकरांस पाठविलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभीच पौल जे म्हणतो, की संकटात आपणास मिळालेले सांत्वन हे पुढे दुसऱ्यास देण्यासाठी असते, ते मी शाळेत पाठ केले होते. आज या आवारात वाकड्या बोटांची माणसे एकमेकांच्या पायांवरच्या जखमा रोज तपासताना पाहिली. स्वतःच्या तळव्याखाली काटा आहे की नाही हे कळत नाही, म्हणून एकाने दुसऱ्याचा पाय मांडीवर घेऊन पाहावयाचा. पौलाला अभिप्रेत होते ते याहून वेगळे असेल असे मला वाटत नाही.

कोल्ली मलै, गुरुवार

आक्का,

सत्तर वळणांचा घाट चढून काल येथे आलो. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ साली याच डोंगरात झाला. त्यांचे वडील जेसी येथे मिशनचे काम करीत. मुलाला शिक्षणासाठी इंग्लंडला ठेवले होते, आणि ते त्याला येथून नियमाने पत्रे लिहीत, त्यांत झाडांची, किड्यांची, डोंगरातल्या लोकांची हकीकत असे. १९२९ मध्ये जेसी काळ्या मूत्राच्या तापाने वारले. तारेने बातमी पोहोचली. पत्रे मात्र बोटीने येत, आणि वडील गेल्यावरही काही काळ वडिलांची पत्रे त्या मुलास मिळत राहिली.

पॉल यांची आई एव्हलिन पतीच्या पश्चात काही काळाने हिंदुस्थानात परतली. मिशनने वयोमानामुळे तिला निवृत्त केले, तेव्हा सत्तरीच्या घरातली ती बाई कोणाचा हुकूम न घेता पुन्हा या डोंगरावर चढली आणि तट्टावर बसून वाडीवाडीस फिरू लागली. हाडे मोडली, तरी ती खाली उतरेना. १९७४ मध्ये, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी, ती गेली. तिचे दुःख केव्हा संपले, असे मी येथील एका वृद्ध ख्रिस्ती गृहस्थांस विचारले. त्यांनी मला समजावून सांगितले की ते संपल्याचे कोणास ठाऊक नाही. आई तापाने फणफणलेल्या माणसाच्या झोपडीत शिरली की लवकर बाहेर येत नसे, एवढे मात्र सर्वांस ठाऊक आहे.

मी शनिवारी सेलमहून गाडी धरीन. पुण्यास उतरून थेट नगरास येतो. स्टेशनवर कोणास पाठवू नकोस.

एक काम मात्र मी येईपर्यंत थांबवू नये. मिशनच्या आवारातील ती परिचारिका, जिचा मुलगा विहिरीत बुडाला म्हणून पुतणीने कळविले, तिच्या घरी जावयास लोक कचरतात असेही पुतणीने लिहिले आहे. काय बोलावे हे कोणास सुचत नाही. पाळकसाहेब जाऊन प्रार्थना करून आले. तू जा. बोलण्याची तयारी करून जाऊ नकोस. तिच्याकडे चूल पेटत नाही म्हणतात, तेव्हा पिठलेभाकरी बरोबर ने, आणि ती जेवेपर्यंत बस.

तुझा धाकटा भाऊ