नाताळची सुट्टी आणि मायाबाजार

नाताळ आपला सण नव्हे, पण नाताळची सुट्टी मात्र आपलीच. लेकी-नातवंडं याच दिवसांत माहेरी येतात. माझी लेक लंडनला असते. तिकडे डिसेंबरात मुलाबाळांसकट नाटकाला जायची रीतच आहे. पऱ्या, चेटकिणी, गाणी आणि प्रेक्षकांतून मुलांचा आरडाओरडा! 'पीटर पॅन' हे नाटकसुद्धा लंडनमध्ये पहिल्यांदा झालं ते २७ डिसेंबर १९०४ ला, ऐन नाताळात, आणि त्यात मुलं तारेच्या आधाराने उडाली होती. मग एका डिसेंबरात इथे हैदराबादला आल्याआल्या नऊ वर्षांच्या नातीने विचारलं, इथे ख्रिसमसचं जादूचं नाटक कुठे असतं? विचारलं अर्थात इंग्रजीत. मराठी तिला सगळं समजतं, पण बोलायची वेळ आली की ती आईकडे बघते.

लेकीला मी एकदा छेडलंही होतं. ती म्हणाली, "आई, दिवसभर शाळेत इंग्रजी, घरी आल्यावर मी दमलेली. कुठवर ओढू?" तिचंही खरंच आहे. मी गप्प बसले. पण ते 'कुठवर ओढू' मनात रुतून राहिलं.

उडणारी माणसं बघायची तर हैदराबादेत सुरभी आहे. रवींद्र भारतीला त्यांचा 'मायाबाजार' होता. मायाबाजार म्हणजे आपलं वत्सलाहरणच. बलरामाची लेक, अभिमन्यू आणि मदतीला घटोत्कच. तेलुगूत वत्सलेची शशिरेखा झाली, एवढंच. संध्याकाळी माझी अणथमी असते, म्हणून दिवस मावळायच्या आत सगळ्यांना पोळी-भाजी खाऊ घातली. जावईबापूंनी नातवासाठी डब्यात चिवडा घेतला आणि आम्ही निघालो.

पडदा वर गेला आणि पोरं पुतळ्यासारखी बसली. ढगांतून नारद उतरले. दोन बाण हवेत एकमेकांवर आदळले आणि ठिणग्या उडाल्या. घटोत्कच लग्नाच्या जेवणावर बसला, तर लाडू आपणहून उडत त्याच्या तोंडात! नातू ओरडला, "आजी, रात्री जेवतोय बघ तो!" मागच्या रांगेतल्या बायका हसू लागल्या. चार वर्षांच्या मुलाच्या तोंडून हे ऐकून मला किती बरं वाटलं, ते तुम्हाला सांगायला नको.

ही सगळी जादू दोऱ्या, तारा, कप्प्या आणि रंगवलेल्या पडद्यांची. आणि ती करणारं सगळं घरच. आत्ता राणी झालेली बाई पुढच्या प्रवेशाला आत दोरी ओढते, तिचा दीर पेटीवर, सासूबाई मुलांना रंग लावतात. १८८५ साली कडप्पा जिल्ह्यातल्या सुरभी गावात वनारस घराण्याने 'कीचकवधम्' केलं, तिथून ही परंपरा सुरू झाली. गावाचंच नाव मंडळीला पडलं. आपल्या मराठी रंगभूमीवर शालू नेसून पुरुष उभे राहत होते, त्या काळात इथे घरच्या बायका स्त्रीभूमिका करत होत्या. सुरभी कमलाबाईंची आई दमयंतीचं काम करत असतानाच कळा सुरू झाल्या आणि कमलाबाई रंगमंचावरच जन्मल्या, असं सांगतात. पहिला तेलुगू बोलपट 'भक्त प्रल्हाद' १९३२ साली आला, त्यात याच कमलाबाई होत्या.

मैत्रिणींनो, मला सांगायचंय ते पुढेच आहे. या मंडळींचे पूर्वज महाराष्ट्रातून आलेले, चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करणारे. नाटक तेलुगू, गाणी तेलुगू, शेजारपाजार तेलुगू. पण घरात त्यांची मराठीच चालते.

खेळ संपल्यावर मुलांना तारा बघायच्या होत्या, म्हणून आम्ही आत डोकावलो. एक बाई पोराच्या गालावरचा रंग पुसत त्याला दटावत होती. कान देऊन ऐकलं तर शब्द ओळखीचे! वळण जुनं, मध्येमध्ये तेलुगू, पण मराठीच. मी म्हटलं, "ताई, आम्ही लातूरकडचे." तिने हसून जागा करून दिली. नातीने त्या पोराकडे बघत मला हळूच विचारलं, इंग्रजीतच, याला मराठी कोणत्या शाळेत शिकवतात?

"शाळेत नाही गं. आई बोलते, म्हणून तो बोलतो."

लेक तिथेच उभी होती. तिने ऐकलं. मी पुढे एक अक्षर बोलले नाही.

घरी येताना मी मनाशी हिशेब करत होते. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ, म्हणजे पाच-सहा पिढ्या. पुस्तक नाही, परीक्षा नाही, कुणी बक्षीस देत नाही. कितीतरी आया दिवसभर तालीम करून, रात्री खेळ करून दमल्याच असतील. तरी पोराला दटावताना, जेवायला वाढताना, अंगाई गाताना तोंडात तीच भाषा आली. वेगळा वेळ काढून नव्हे, हातातलं काम करता करता.

आता रविवारी लेकीचा फोन येतो, तेव्हा ती फोन नातीकडे देते आणि स्वतः बाजूला होते. पोर अडखळते. परवा म्हणाली, "आजी, मी भात खाल्ली." मी दुरुस्त केलं नाही. विचारलं, "सोबत काय होतं गं?" तिने जरा विचार केला आणि सांगितलं, "वरण. तूप पण."