कोठाराची खिडकी

साहित्याच्या वर्गात ‘रूपांतर’ हा शब्द उच्चारला की चर्चा कादंबरीच्या नाटकाकडे आणि नाटकाच्या चित्रपटाकडे वळते. मूळ कृतीतले किती राखले म्हणजे ते रूपांतर, आणि किती सोडले की ती नवी निर्मिती, हा प्रश्न आम्ही मराठी शिकवणारे वर्षानुवर्षे फळ्यावर लिहितो आणि तास संपला की पुसून टाकतो. इंग्लंडमधील नियोजन अधिकाऱ्याला मात्र तो असा पुसता येत नाही. शेतावरच्या जुन्या वास्तूचे कार्यालय करू द्यावे की नाही, हे त्याला मुदतीत आणि लेखी सांगावे लागते. नकार दिला तर त्याची कारणेही द्यावी लागतात. म्हणूनच हे निर्णय साहित्याच्या अभ्यासकांनीही वाचण्याजोगे आहेत, असे आम्हांला वाटते.

इंग्लिश शेतावरचे पारंपरिक कोठार ही केवळ धान्य साठवण्याची जागा नव्हती. ते छपराखालचे खळे होते. समोरासमोर दोन उंच दरवाजे, त्यांच्यामध्ये मळणीची जमीन, आणि दोन्ही अंगांना पेंढ्यांच्या राशी. दरवाजे उघडले की वारा आरपार वाहे आणि उफणणी होई. भिंतींना खिडक्या जवळपास नसतच. हवेपुरत्या अरुंद फटी असत, आणि कित्येक ठिकाणी छपराखालच्या त्रिकोणी भिंतीत घुबडाला आत येण्यासाठी एक भोक ठेवलेले असे, म्हणजे उंदरांचा बंदोबस्त आपोआप होई. या वास्तूचे सारे रूप तिच्या कामातून घडलेले होते. शोभेसाठी तिथे फारसे काही नव्हते. आज आपल्याला जी शोभा दिसते ती त्या कामाचीच खूण आहे.

आता कार्यालयाला काय हवे असते? उजेड, ऊब, छोट्या खोल्या आणि मोटारींना जागा. यांतले एकही कोठारापाशी नाही. सारा झगडा इथून सुरू होतो, आणि तो बहुधा खिडकीवर येऊन ठेपतो.

या झगड्यात शासनाची भूमिका बदलत गेली आहे. ग्रामीण भागासाठीच्या २००४ च्या राष्ट्रीय धोरणात अशा वास्तूंचा पुनर्वापर राहण्यासाठी करण्यापेक्षा उद्योगव्यवसायासाठी करणे सामान्यतः अधिक इष्ट मानले होते. गावात रोजगार राहावा आणि शेतकऱ्याला भाड्याचा आधार मिळावा, हा विचार त्यामागे होता. पुढे २०१३ मध्ये, काही अटींवर, शेतवास्तूचा कार्यालयासारखा व्यावसायिक वापर नेहमीच्या परवानगीशिवाय करण्याची मुभा मिळाली. दीडशे चौरस मीटरपर्यंत केवळ कळवणे पुरे; त्याहून मोठ्या जागेसाठी रहदारी, आवाज, दूषित जमीन आणि पूर यांपुरती पूर्वसंमती लागते. कमाल मर्यादा ५०० चौरस मीटर होती. ती २०२४ मध्ये १,००० झाली. वारसा म्हणून सूचीबद्ध असलेल्या वास्तू या सवलतीबाहेर आहेत.

या मुभेत एक मोठी गंमत आहे. ती वापर बदलण्याची मुभा आहे, बाहेरचे रूप बदलण्याची नव्हे. म्हणजे कोठारात टेबले मांडा, पण भिंतीला नवी खिडकी पाडायची तर वेगळा अर्ज करा. अर्थ बदलायला हरकत नाही, शब्द मात्र बदलू नका, असे एखाद्या संपादकाने बजावावे तसे हे झाले.

घरांसाठीच्या समांतर सवलतीवरून २०१६ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयात नॉटिंगहॅमशायरमधील एका शेडचा खटला गेला. पोलादी सांगाडा आणि तीन बाजू बव्हंशी उघड्या, अशी ती शेड. तिला भिंती बांधून घर करणे हे रूपांतर की नवे बांधकाम? न्यायालयाने ते रूपांतर मानले नाही. मात्र सीमारेषा कुठे आखायची हा प्रमाणाचा आणि निर्णय करणाऱ्याच्या विवेकाचा प्रश्न आहे, असे म्हटले. रूपांतरावर व्याख्याने देताना आम्हीही याच ठिकाणी येऊन थांबतो. मोजपट्टी नाही, विवेक आहे.

विल्यम मॉरिसला हा विवेकही मान्य झाला नसता. जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी त्याने १८७७ मध्ये जी संस्था स्थापली, तिच्या जाहीरनाम्याची भूमिका अशी की जुनी वास्तू आजच्या वापराला गैरसोयीची झाली असेल तर तिच्यात फेरफार करण्यापेक्षा दुसरी बांधावी. ही निष्ठा उदात्त आहे, पण रिकाम्या कोठाराचे छप्पर तिच्याने शाकारले जात नाही. वापर थांबला की आधी पाणी आत शिरते, मग तुळया कुजतात.

आमची हरकत वेगळीच आहे. नियोजनाचा कायदा ‘वापरातला बदल’ तपासतो; पण त्या कोठारातला खरा बदल कुणीच तपासला नाही. हिवाळाभर काठीने झोडपून मळणी करणे हा शेतमजुरांचा त्या दिवसांतला पोटाचा आधार होता. मळणीयंत्रे आली तेव्हा, १८३० मध्ये, दक्षिण इंग्लंडमधील मजुरांनी ती फोडली. त्यांतल्या काहींना फाशी झाली, शेकडो ऑस्ट्रेलियाला हद्दपार झाले. पुढे कापणी-मळणी एकत्र करणारे यंत्र आले आणि मळणी शेतातच होऊ लागली. १९४७ च्या नियोजन कायद्यानेही शेतीचा वापर आपल्या कक्षेबाहेरच ठेवला होता. म्हणजे कोठारातले काम गेले ते कोणत्याही अर्जाविना, आणि त्यातली माणसे गेली तीही. उरलेल्या भिंतीला खिडकी पाडायची तर मात्र नकाशा, अहवाल, वटवाघळांची पाहणी, सारे काही लागते.

याचा अर्थ ती पाहणी व्यर्थ आहे असा नव्हे. चांगल्या निर्णयात उंच दरवाजाच्या जागीच काच बसवायला सांगतात, नवी भोके पाडू देत नाहीत, आणि निदान मळणीच्या जमिनीवरची उंच पोकळी छपरापर्यंत मोकळी राखतात. तिथे बसणाऱ्या कारकुनाला मग रोज एक प्रश्न पडू शकतो: एवढा उंच दरवाजा कशासाठी? तो प्रश्न पडण्याची सोय जिवंत ठेवणे, एवढे तरी चांगल्या रूपांतराने करावे. वर्गात नाटक-चित्रपटांची तुलना करताना आम्हीही विद्यार्थ्यांना यापुढे हेच विचारणार आहोत. मूळ किती उरले, हे नंतर पाहू. मुळात कोण काम करीत होते, हे नव्या रूपावरून कळते का?