तिन्ही मतं चुकली तर?

2019 च्या महापुरात शिराळा तालुक्यातला वारणाकाठ बुडाला. पंचनाम्यात आमच्या वस्तीतली काही घरं सुटली. विचारलं तर उत्तर एकच, ‘यादीत नाहीत.’

आता काय ठेवायचं, काय गाळायचं हे उपग्रहातले संगणकही ठरवू लागलेत. 2020 मध्ये सोडलेला युरोपचा फाय-सॅट-1 ढगाळ छायाचित्रं अवकाशातच गाळत असे. तिथं किरणोत्साराचा एक कण चिपवर आदळला तरी 0 चा 1 होऊ शकतो. म्हणून अनेक यानांत एकच हिशोब तीन ठिकाणी करतात. दोघांचं जुळेल ते खरं मानतात. तिन्ही मतांची किंमत सारखी!

पण नुसत्या समान मतानं विषमता संपत नाही, हे बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत बजावलं होतं. तिन्ही संगणकांना शिकवताना आमची पत्र्याची घरं दाखवलीच नसतील, तर तिन्ही एकमतानं चुकतील. ही चूक किरणोत्साराची नाही, शिकवणाऱ्याची आहे.

पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ 2016 मध्ये इस्रोनं अवकाशात सोडला. अशा प्रयोगशाळेत शिराळ्याच्या पोरापोरींनीही शिरलं पाहिजे. यादी बनवणाऱ्यांत आपण नसू, तर यादीतही नसू.

जय भीम!