जळण्याच्या कितीतरी आधी

पैठणी इस्त्रीला देताना बहुतेकजणी एकच विनवणी करतात : ताई, जळू देऊ नका. मला धास्ती जळण्याची नसते. रेशीम पेट घेण्याच्या कितीतरी आधी बिघडतं, आणि बिघडताना कळतही नाही. ११० अंश सेल्सिअसच्या आसपास काही वेळ राहिलं की त्यावर पिवळसर झाक चढते. १७० अंशांच्या सुमारास तर त्याचं विघटनच सुरू होतं. इस्त्रीच्या खुणेत एक टिंब म्हणजे साधारण ११०, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. सुती कपड्यासाठी तापलेली इस्त्री तशीच पैठणीवर ठेवली, तर डाग पडो न पडो, धाग्याचं बळ जातं. एरवी रेशमात सुमारे ११ टक्के ओलावा असतो. तो उडाला तर हवेतून परत येतो. भाजलेला धागा मात्र सावरत नाही.

पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, तरी मी आतली बाजूच वर घेते, मलमल अंथरते आणि हात थांबू देत नाही. पाणी शिंपडत नाही, त्याचे डाग उठतात.

‘रेशीम खरं आहे का?’ असं कुणी विचारलं, तर पदराच्या दशांतला एक धागा चिमट्यात धरून काडी लावते. खरं रेशीम ज्योतीपासून आक्रसतं, काडी दूर नेली की बहुधा विझतं. वास जळक्या केसांचा येतो, कारण केसांसारखंच तेही प्रथिन. राख चिमटीत चुरते. पॉलिस्टर २६० अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. व्हिस्कोज भराभर पेटतं, त्याला कागदाचा वास.

खऱ्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा दिलेला असतो. चांदी वितळायला ९६२ अंश लागतात, सोन्याला १०६४. त्यामुळे वरून जर झळाळत राहते आणि तिच्या पोटातलं रेशीम भाजून निघतं. काठ नंतर घडीवर चिरतो तो असा.

धातूच्या याच चिवटपणापायी जुन्या साड्या चांदीसाठी जाळल्या गेल्या. रेशीम गेलं, चांदी उरली. वजनावर भाव ठरला. मोर, असावलीची नक्षी कुणी मोजली नाही. मला ते सोसवत नाही. साडी विरली पण काठ-पदर शाबूत असले, तर ते कापून मी नव्या रेशमावर चढवते. टाका काठाच्या रेशमातच घ्यायचा. सुई जरीतून गेली की तार उसवते.